निळ्या प्रकाशाचा मास्क आणि गालांवरचा वांग : एक प्रकरण अभ्यास

घरच्या घरी वापरायचे एलईडी प्रकाशाचे मास्क आता अनेकांच्या हाती आले आहेत. चेहऱ्याला न टोचणारा, न झोंबणारा आणि दहा-पंधरा मिनिटांत आटोपणारा उपचार म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते. पुढील प्रकरणात उपकरण दर्जेदार होते, त्याची निवड विचारपूर्वक झाली होती आणि वापरही पुस्तिकेत सांगितल्याबरहुकूम होता. तरीही चेहऱ्यावरची एक तक्रार कमी होत असताना दुसरी बळावली. असे का झाले, ते केव्हा लक्षात आले आणि त्यानंतर कोणते पर्याय तोलून पाहिले गेले, याची ही नोंद आहे. संबंधित व्यक्तीच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ती लिहिली आहे.

पार्श्वभूमी

प्रकरणातील व्यक्ती चाळिशीला टेकलेल्या माध्यमिक शिक्षिका आहेत. पुढे त्यांचा उल्लेख ‘शिक्षिका’ असाच केला आहे. त्यांचा वर्ण गव्हाळ ते सावळा, म्हणजे उन्हात सहसा न भाजणारी, पण पटकन काळवंडणारी त्वचा. उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार ठरवणारी फिट्झपॅट्रिक यांची पद्धत १९७५पासून वापरात आहे. तिच्या सहा प्रकारांपैकी ही त्वचा चौथ्या आणि पाचव्या प्रकाराच्या सीमेवर बसते. हा तपशील पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरला, म्हणून तो आरंभीच सांगितला आहे.

त्यांची मुख्य तक्रार पुरळाची होती. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दर महिन्याला पाळीच्या आधी लालसर, दुखरे फोड येत आणि ते बसले की मागे काळपट ठिपके राहत. याशिवाय दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठाच्या वर फिकट तपकिरी छटा होती. शिक्षिकांच्या लेखी हे सगळे एकच होते, ते म्हणजे पुरळाचे जुने डाग. त्यामुळे पुरळ थांबले की डागही आपोआप जातील, असे त्यांनी धरून ठेवले होते.

काही वर्षांपूर्वी त्यांनी अडापलीन या पुरळावरच्या औषधाचे मलम लावून पाहिले होते. पहिल्या दोन आठवड्यांतच नाकाच्या बाजूची त्वचा सोलवटली, चेहरा धुताना चरचरू लागला आणि वर्गात मुलींनी “बाई, तुमच्या चेहऱ्याला काय झालं?” असे विचारल्यावर त्यांनी ते बंद केले. हा अनुभव नोंदवण्याचे कारण असे, की मास्क घेण्यामागे पुरळ घालवण्याच्या इच्छेइतकीच त्वचेला पुन्हा त्रास नको ही भावनाही होती. धाकट्या बहिणीने मास्क सुचवला तो याच मुद्द्यावर. “ताई, नुसतं दहा मिनिटं पडून राहायचं. त्यात बिघडणार काय?” असे तिचे म्हणणे होते.

उपकरणाची निवड

शिक्षिका विज्ञान शिकवतात, त्यामुळे त्यांनी घाईने खरेदी केली नाही. सुरुवातीला त्यांच्यासमोर एक सात रंगांचा मास्क होता. अशा बहुतेक मास्कमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तीनच दिवे असतात आणि पिवळा, जांभळा किंवा पांढरा हे रंग त्यांच्याच मिश्रणातून तयार होतात, हे त्यांनी शोधून काढले. शिवाय खोक्यावर दिव्यांची संख्या ठळक छापलेली होती, पण तरंगलांबी किंवा त्वचेवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता कुठेच नव्हती. दिवे किती आहेत यावरून मात्रा कळत नाही. मात्रा ठरते ती दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट प्रकाश पडतो आणि तो किती वेळ पडतो यावरून. तीस मिलिवॅटचा प्रकाश दहा मिनिटे पडला, तर त्वचेला दर चौरस सेंटीमीटरमागे अठरा ज्यूल ऊर्जा मिळते. हे आकडे न देणाऱ्या उपकरणात औषधाच्या बाटलीवर मात्राच लिहिलेली नसावी, असा प्रकार होतो. तो मास्क त्यांनी नाकारला आणि माझ्या मते हा त्यांचा निर्णय अगदी योग्य होता.

त्यांनी घेतलेल्या मास्कमध्ये ४१५ नॅनोमीटरचा निळा, ६३३ नॅनोमीटरचा लाल आणि ८३० नॅनोमीटरचा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश होता. तीव्रतेचे आकडे दिलेले होते आणि डोळ्यांसाठी सिलिकॉनचे झाकण आतच बसवलेले होते. या झाकणाचे महत्त्व त्यांना ठाऊक होते. २०१९मध्ये एका नामांकित कंपनीने पुरळासाठीचा आपला प्रकाश-मास्क डोळ्यांच्या सुरक्षिततेच्या शंकेवरून बाजारातून परत घेतला होता. डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्यांना किंवा डोळे प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधे घेणाऱ्यांना त्यापासून अपाय होऊ शकतो, अशी ती शंका होती. शिक्षिकांनी झाकण एकदाही काढले नाही.

खोक्यावर अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या मान्यतेचाही उल्लेख होता. अशा उपकरणांना मिळणारी ही परवानगी बहुधा आधीच विक्रीस असलेल्या तत्सम उपकरणाशी साम्य दाखवून मिळवलेली असते. ती खोटी नसते आणि तिला किंमतही असते. मात्र आपल्या वर्णाच्या, आपल्या तक्रारी असलेल्या त्वचेवर त्याची तपासणी झाली आहे, असा अर्थ तिच्यातून काढता येत नाही.

पुस्तिकेत कोणी मास्क वापरू नये याची यादी होती : अपस्माराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, प्रकाशसंवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणारे, डोळ्यांचे विकार असलेले. यादीच्या शेवटच्या ओळीत रंगद्रव्याच्या तक्रारी असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असे म्हटले होते. शिक्षिकांनी ही ओळ वाचली होती. ती आपल्याला लागू होते असे त्यांना वाटले नाही, कारण त्यांच्या मते त्यांची तक्रार पुरळाची होती.

पहिले दोन महिने

निळ्या प्रकाशाने पुरळ कमी होते, ही नुसती जाहिरातबाजी नाही. पुरळातील जिवाणू आपल्या पेशीत पॉर्फिरिन नावाची द्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरदार शोषतात आणि त्यातून निर्माण होणारा क्रियाशील ऑक्सिजन जिवाणूंनाच मारतो. लाल प्रकाश त्याहून खोल जातो आणि दाह कमी करतो, असे मानले जाते. २०००मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०७ रुग्ण सहभागी होते. त्यांपैकी ज्यांना निळा आणि लाल असा मिश्र प्रकाश रोज पंधरा मिनिटे दिला गेला, त्यांचे दाहयुक्त फोड बारा आठवड्यांअखेर सरासरी ७६ टक्क्यांनी कमी झाले. शिक्षिकांनी या चाचणीचा गोषवारा वाचला होता आणि त्यावरूनच त्यांनी ‘दोन्ही एकत्र’ हा पर्याय निवडून रोज रात्री मास्क लावायला सुरुवात केली.

परिणाम दिसू लागला. पाचव्या-सहाव्या आठवड्यात हनुवटीवरचे फोड संख्येने आणि आकाराने कमी झाले. जबड्याच्या खालच्या कडेवर मात्र काहीच फरक नव्हता, आणि त्याचे कारण आरशासमोर मास्क धरल्यावर लगेच कळण्यासारखे होते : मास्क हनुवटीच्या टोकाशीच संपत होता. जबड्याच्या खाली, जिथे त्यांना सर्वाधिक त्रास होता, तिथे एकही दिवा पोहोचत नव्हता. प्रौढ स्त्रियांमध्ये पाळीशी निगडित पुरळ नेमके याच पट्ट्यात येते. खरेदीच्या वेळी मास्कची खालची कडा कुठवर येते हे पाहणे किती उपयोगी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

याच काळात त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. मास्कबरोबर वापरण्यासाठी म्हणून बहिणीने सुचवलेले, आम्ल असलेले एक सीरम त्या मास्क लावण्याआधी चेहऱ्यावर लावू लागल्या. ते किंचित चुरचुरे, पण ‘त्वचा मोकळी झाली की प्रकाश आत शिरतो’ अशी त्यांची समजूत होती. आधीच चुरचुरलेल्या त्वचेवर प्रकाश देणे म्हणजे दाहाला निमंत्रण, आणि सावळ्या त्वचेत दाहाच्या पाठोपाठ रंग येतोच.

अडचण

आठव्या आठवड्याच्या सुमारास गालांवरचे तपकिरी पट्टे गडद झाल्याचे प्रथम बहिणीच्या लक्षात आले. शिक्षिकांना ते पटेना. त्यांनी सुरुवातीपासून छायाचित्रे काढून ठेवली होती, पण पहिली चित्रे स्नानगृहातील पिवळ्या दिव्याखाली आणि नंतरची खिडकीजवळ काढलेली होती, त्यामुळे त्यांची थेट तुलना होत नव्हती. अखेर प्रत्येक चित्रात चेहऱ्याशेजारी धरलेल्या तळहाताच्या रंगाशी गालाचा रंग ताडून पाहिल्यावर त्यांची खात्री पटली. तळहात चित्रात आला होता तो केवळ केस मागे धरण्यासाठी.

इथे पहिला मोठा निर्णय आला. पुरळ कमी होत होते, म्हणजे उपचार लागू पडत होता. गडद होणे हा तात्पुरता टप्पा असेल, ‘आतले डाग वर येत असतील’ असे बहिणीचे मत होते आणि बारा आठवडे पूर्ण करावेत असे शिक्षिकांनाही वाटत होते. त्वचेच्या उपचारात सुरुवातीला पुरळ थोडे वाढते, हा अनुभव काही मलमांच्या बाबतीत खरा आहे. रंग गडद होणे मात्र त्या प्रकारात मोडत नाही. गालावरचा पट्टा काळा होत असेल, तर त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक बनत आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. शिक्षिकांनी आणखी दोन आठवडे मास्क चालू ठेवला आणि मग त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या.

तपासणी

पहिल्या भेटीत एक महत्त्वाची गोष्ट हातची निसटणारच होती. दवाखान्यातील नोंदणीपत्रकात ‘सध्या चालू असलेली औषधे व मलमे’ असा रकाना होता आणि शिक्षिकांनी तिथे प्रामाणिकपणे फक्त सीरमचे नाव लिहिले. मास्क हे औषध नाही, मलमही नाही, म्हणून तो रकान्यात आलाच नाही. तपासणी संपत आली असताना डॉक्टरांनी “कपाळाच्या या कडेला काय लावता?” असे विचारले, तेव्हा मास्कचा विषय निघाला.

डॉक्टरांच्या नजरेत भरले होते ते असे. कपाळ एकसारखे सावळलेले होते, पण केसांच्या रेषेखाली बोटभर रुंदीची पट्टी उजळ राहिली होती आणि दोहोंमधली सीमा जवळजवळ सरळ होती. ऊन लागले असते तर ते केसांच्या रेषेपर्यंत लागले असते, मध्येच थांबले नसते. डोळ्यांभोवतीही अंडाकृती उजळ भाग होता. केवळ तेवढ्यावरून डॉक्टरांनी निष्कर्ष काढला नसता, कारण वांग एरवीही पापण्यांच्या जवळची त्वचा सोडून देतो. कपाळावरची ती सरळ कडा मात्र ना वांगाची असते ना उन्हाची. पुढच्या भेटीत शिक्षिकांनी मास्क बरोबर नेला, तेव्हा वरच्या ओळीतील दिवे बरोबर त्या कडेशी संपत असल्याचे दिसले.

गालांवर आणि ओठांवर असलेली छटा म्हणजे वांग, हे निदान डॉक्टरांनी वूड्स दिव्याखाली, म्हणजे रंगातला फरक ठळक दाखवणाऱ्या अतिनील दिव्याखाली, पाहून पक्के केले. पुरळाचे डाग वेगळे असतात. फोड जिथे आला तिथेच ते उमटतात, सुटे सुटे असतात आणि कारण थांबले की महिन्यांच्या हिशेबात विरत जातात. वांग दोन्ही बाजूंना सारखा, नकाशासारखा पसरतो. गर्भारपण, संप्रेरकांच्या गोळ्या, ऊन आणि आनुवंशिक कल यांच्याशी त्याचा संबंध असतो आणि तो वर्षानुवर्षे कमी-जास्त होत राहतो. शिक्षिकांच्या चेहऱ्यावर दोन्ही होते, आणि गेली काही वर्षे त्या दोहोंवर एकच उपाय शोधत होत्या.

दृश्य प्रकाशाने त्वचा काळवंडते, ही बाब तुलनेने अलीकडे स्पष्ट झाली. पूर्वी सगळा दोष अतिनील किरणांकडे जाई. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सावळ्या ते काळ्या त्वचेवर नुसता दृश्य प्रकाश टाकला असता रंग आला आणि तो दीर्घ अतिनील किरणांनी आलेल्या रंगापेक्षा गडद होता व अधिक काळ टिकला. गोऱ्या त्वचेवर तसे झाले नाही. २०१४मधील दुसऱ्या अभ्यासात ४१५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा आणि ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेवर शेजारी शेजारी दिला गेला. निळ्याने ठळक रंग आला व तो तीन महिन्यांपर्यंत राहिला, लाल प्रकाशाने आला नाही. रंगपेशींमध्ये निळा प्रकाश टिपणारे ऑप्सिन-३ नावाचे प्रथिन असते, हेही पुढे २०१८मध्ये दाखवले गेले. म्हणजे पुरळाच्या जिवाणूंना मारणारी तरंगलांबी आणि सावळ्या त्वचेच्या रंगपेशींना जागे करणारी तरंगलांबी या प्रकरणात अक्षरशः एकच होती. शिक्षिकांच्या हाती आलेली पुरळाची चाचणी चांगली होती. तिच्यात मोजले गेले ते फोड, आणि त्यांना गरज होती ती रंगाबद्दलच्या माहितीची.

समोर असलेले पर्याय

डॉक्टर आणि शिक्षिका यांच्यात चार पर्यायांवर बोलणे झाले. मास्क तसाच चालू ठेवून सनस्क्रीन वाढवणे हा बहिणीने सुचवलेला पर्याय सर्वांत आधी बाद झाला. नेहमीचे, त्वचेत मिसळून दिसेनासे होणारे सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, पण दृश्य निळा प्रकाश त्यातून बहुतांशी आरपार जातो. त्यातच इथे प्रकाशाचा उगम चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर होता.

लेझर किंवा रासायनिक सालकाढणी करून पट्टे लवकर घालवावेत, असे शिक्षिकांना एका क्षणी वाटले. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट नकार दिला. चिडलेल्या सावळ्या त्वचेवर अशा उपचाराने नवा दाह होऊन पट्टे अधिक गडद होण्याचा धोका असतो, आणि वांग पुन्हा उलटण्याची सवय ठेवतो.

खरा विचार करावा लागला तो उरलेल्या दोन पर्यायांचा : फक्त निळा प्रकाश बंद करून लाल चालू ठेवणे, की मास्कच पूर्णपणे थांबवणे. शिक्षिकांचा कल पहिल्याकडे होता आणि त्यांच्या बाजूने २०१४च्या अभ्यासाचा आधारही होता. डॉक्टरांचे म्हणणे असे होते, की लाल प्रकाश निरोगी त्वचेवर रंग आणत नाही म्हणून चिडलेल्या वांगावर तो निरुपद्रवी ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यांच्या मास्कमध्ये लाल दिव्यांबरोबर अवरक्त दिवेही लागत आणि दहा मिनिटांनी चेहरा कोमट होई. उष्णतेनेही वांग बळावतो, असे अनेक रुग्णांच्या बाबतीत दिसते. आणि सर्वांत व्यावहारिक मुद्दा हा की प्रकाश, सीरम आणि नवे मलम या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत राहिल्या, तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायचा असतो, हे वर्गात सांगणाऱ्या शिक्षिकांना हा युक्तिवाद लगेच पटला.

प्रत्यक्ष केलेली कार्यवाही

मास्क तीन महिने पूर्ण बंद ठेवायचे ठरले आणि सीरमही बंद झाले. पहिले दोन आठवडे चेहरा शांत होऊ देण्यासाठी फक्त सौम्य क्लीन्झर, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच वापरले गेले. सनस्क्रीन बदलून लोहाची ऑक्साइडे असलेले रंगीत सनस्क्रीन दिले गेले, कारण दृश्य प्रकाश काही प्रमाणात अडवण्याचे काम तीच द्रव्ये करतात. त्याची छटा त्वचेशी जुळायला दोन-तीन प्रकार पाहावे लागले. एका छटेने चेहरा राखट दिसे आणि त्यामुळे शिक्षिका ते हात आखडूनच लावत. अपुऱ्या थरात लावलेले सनस्क्रीन पुरेसे संरक्षण देत नाही, त्यामुळे छटा जुळणे ही इथे केवळ सौंदर्याची बाब नव्हती.

नंतर ॲझेलेइक आम्लाचे मलम सुरू झाले. या निवडीमागचा विचार सरळ होता : ते पुरळावरही चालते आणि मेलॅनिन तयार करणाऱ्या विकराला अडवून डागांवरही चालते. ते लावताना सुरुवातीला थोडी खाज सुटते, याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली आणि एक दिवसाआड लावून मग रोजवर यायला सांगितले. अडापलीनच्या वेळी अशी पूर्वकल्पना कोणी दिली नव्हती, ही गोष्ट शिक्षिकांनी त्या वेळी आवर्जून बोलून दाखवली. दीड महिन्यानंतर जबड्याच्या कडेपुरते अडापलीन पुन्हा सुरू केले, या वेळी आठवड्यातून दोनच रात्री आणि मॉइश्चरायझरवरून. ते त्यांना सहन झाले.

छायाचित्रांसाठी एक नियम ठरला : तीच खिडकी, सकाळची तीच वेळ, धुतलेला चेहरा आणि शेजारी पांढरा कागद. महिन्यातून एकदाच चित्र काढायचे, रोज आरशात पाहून अंदाज बांधायचा नाही.

तीन महिन्यांनंतर शिक्षिकांच्या आग्रहावरून लाल प्रकाशाची मर्यादित चाचणी घेण्यात आली. गालांवर काळ्या कापडाची दुहेरी घडी ठेवून त्यावर मास्क लावायचा, म्हणजे फक्त कपाळ आणि हनुवटी यांनाच प्रकाश मिळेल. आठवड्यातून तीन वेळा, फक्त लाल आणि अवरक्त. कपाळावर थोडीशी जरी छटा आली, तर त्याच दिवशी थांबायचे.

परिणाम

कपाळावरची सरळ कडा सर्वांत आधी गेली. तिसऱ्या महिन्याच्या चित्रात ती शोधूनही सापडत नव्हती. गालांवरचे पट्टे हळूहळू फिकट होत सहाव्या महिन्याच्या सुमारास मास्क सुरू करण्यापूर्वीच्या पातळीला आले. वरच्या ओठावरची रेघ मात्र आधीपेक्षा किंचित गडदच राहिली आहे आणि तिच्यासाठी उपचार चालू आहेत. वांग कायमचा गेला, असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि शिक्षिकांनीही तशी अपेक्षा आता ठेवलेली नाही.

पुरळ आटोक्यात आले. जबड्याच्या कडेवर जो फरक मास्कने पडला नव्हता, तो अडापलीनने पडला. लाल प्रकाशाच्या चाचणीत रंग वाढला नाही, पण पुरळातही मलमांपलीकडे काही भर पडल्याचे दिसले नाही. शिक्षिकांनी मग मास्क स्वतःहून बाजूला ठेवला. तो धाकट्या बहिणीला हवा होता, तिला फक्त पुरळ येते. डॉक्टरांनी आधी तिला तपासणीला बोलावले, कारण वांगाचा कल घराण्यात असू शकतो. तिच्या चेहऱ्यावर वांग आढळला नाही, तरी वर्ण तोच असल्याने पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदाच, कमी वेळ आणि कानामागच्या त्वचेवर आधी तपासून पाहावे, असा सल्ला तिला दिला गेला. तिचे फोड कमी झाले आहेत आणि अद्याप रंग आलेला नाही.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

निर्णायक जागा खरेदीच्या आधीची होती. उपकरणाची चौकशी जितक्या बारकाईने झाली, तितकी चेहऱ्यावरच्या डागांची झाली नाही. हे डाग एकाच प्रकारचे आहेत का, एवढा एक प्रश्न तज्ज्ञांना विचारला गेला असता, तर पुस्तिकेतील शेवटची ओळ आपल्यासाठीच आहे हे शिक्षिकांना तेव्हाच कळले असते. सावळ्या त्वचेच्या व्यक्तीने, विशेषतः गालांवर दोन्हीकडे सारखी छटा असल्यास, निळा प्रकाश सुरू करण्याआधी हे निदान करून घ्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अशा त्वचेसाठी निळा प्रकाश सर्वथा वर्ज्य आहे, असा याचा अर्थ नाही. बहिणीचे उदाहरण समोर आहे. पण मात्रा कमी ठेवून, एका जागेवर आधी पाहून पुढे जाणे एवढी सावधगिरी तिथे हवीच.

दुसरी जागा आठव्या आठवड्याची. पुरळ कमी होते आहे आणि रंग वाढतो आहे, अशी दोन चिन्हे एकाच वेळी आली, तेव्हा चांगल्या चिन्हाच्या भरवशावर वाईट चिन्हाकडे दुर्लक्ष झाले. थांबण्याची अट सुरुवातीलाच लिहून ठेवली असती, जशी नंतर लाल प्रकाशाच्या चाचणीत ठेवली, तर ते दोन आठवडे वाचले असते. पहिल्या दिवसापासून एकाच उजेडात छायाचित्रे घेतली असती, तर बदल बहुधा त्याही आधी दिसला असता.

सीरम आणि प्रकाश एकत्र सुरू करणे हीही टाळता येण्यासारखी गोष्ट होती. यांपैकी कोणाचा वाटा किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. कपाळावरची कडा प्रकाशाकडे बोट दाखवते, कारण सीरम तर कपाळभर लावले जात होते. तरीही चुरचुरलेल्या त्वचेने प्रकाशाचा परिणाम वाढवला असणे डॉक्टरांना शक्य वाटते.

तिसरी जागा दवाखान्यातील नोंदणीपत्रकाची आहे आणि ती दुरुस्त झाली. त्या रकान्याखाली आता एक नवी ओळ छापली जाते : ‘घरी वापरत असलेली उपकरणे : प्रकाशाचे मास्क, केस काढण्याची यंत्रे, सुयांचे रोलर, इतर’. तिच्या शेजारी ती केव्हापासून आणि आठवड्यातून किती वेळा वापरता, असे दोन छोटे चौकोन आहेत.